अक्कांचं उघडं खळं

पाऊस उघडला की मला आता आनंद होत नाही. बाकीच्यांना बरं वाटतं. चार महिने कपड्यांना कुबट वास येत असतो, आणि एका सकाळी सोलापूरवर असं ऊन पडतं की डोळे बारीक करूनच घराबाहेर पडावं लागतं. आमच्या पूर्व भागात त्या दिवशी प्रत्येक गच्चीवर गाद्या चढतात. आई मला हाका मारत राहते आणि मी पिशवी भरत असते. दक्षिण सोलापूरकडे जाणारी सकाळची एसटी चुकली तर दुपारपर्यंत दुसरी नाही.

यंदाच्या आश्विनात मी सलग आठ दिवस त्या एसटीने गेले आणि महादेवी अक्कांच्या रानात खळ्याच्या बांधावर बसले. समोर मुरूम चोपून दगडासारखी केलेली गोल जागा. तिच्यापलीकडे खडीचा ढीग, वाळूचा ढीग, आणि निळ्या ताडपत्रीखाली सिमेंटची पोती. अक्कांचा मुलगा बसू याने मला स्वच्छ सांगितलं होतं: दसऱ्यापर्यंत या जमिनीतून एक तरी माशी वर आली तर खळं राहील. नाही आली तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मिक्सर येईल आणि इथे काँक्रीटचा ओटा होईल.

त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. ती जमीन मेली असेल तर ती मी मारली होती. आणि आता मीच तिच्यासमोर बसून ती जिवंत असल्याचा पुरावा मागत होते.

ज्यांनी खळं पाहिलेलं नाही त्यांना सांगते. ज्वारी काढली की कणसं इथे पसरायची, मधल्या खांबाभोवती बैल फिरवायचे, दाणे मोकळे करायचे. अक्कांच्या सासऱ्यांनी हे खळं केलं तेव्हा लांबून गाड्या भरून मुरूम आणला होता, कारण चहूकडे काळं रान. आता मळणीयंत्र थेट रानात येतं आणि धूळ उडवत सकाळच्या सकाळी काम उरकून जातं. खळ्याला काम उरलं नाही. तरी अक्का दरवर्षी पाऊस संपता संपता खुरपं घेऊन बसतात आणि त्यावरचं गवत काढतात. का, तर येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, घरचे सगळे रानात जेवायला येतात, मिसळभाजीची भज्जी आणि बाजरीचे उंडे घेऊन, आणि पंगत खळ्यावर बसते. पंगतीच्या जागी गवत कसं ठेवायचं? एवढंच कारण. वर्षातल्या एका जेवणासाठी ती जमीन उघडी, कोरडी आणि कडक राहत आली.

आणि नेमकी अशीच जमीन त्या माश्यांना, मधमाशीच्या या जमिनीत राहणाऱ्या बहिणींना, लागते. काळ्या रानात त्या घर करत नाहीत. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, तिच्यात केलेली खोली टिकायची नाही. मैलभर काळ्या मातीत हा एकच मुरमाचा तुकडा. पोळं नाही, राणी नाही, कामकरणी नाहीत. एकेक मादी एकटीने आपलं बीळ उकरते, मागे सरकत सरकत माती बाहेर लोटते, आणि भोकाभोवती पिठासारख्या मातीचं कडं जमतं. आत, हाताच्या बोटाहूनही खोल, ती छोट्या खोल्या करते. खोलीची भिंत आतून अशी घोटते की बोट लावलं तर मेणकापडासारखी लागते. तिथे परागाचा हरभऱ्याएवढा गोळा ठेवायचा, वर एक अंडं घालायचं, दार लिंपायचं. पुढची खोली. हे सगळं आश्विनातल्या थोड्या दिवसांत उरकून ती मरते. पिल्लू आईला कधी बघत नाही. ते वर्षभर अंधारात असतं, आणि वर आपण चालत असतो.

हे मला आज माहीत आहे. मागल्या आश्विनात माहीत नव्हतं. मागल्या आश्विनात मला फक्त घोषणा माहीत होत्या.

मी पत्रकं लिहिते. आमचा गट लहान आहे, कामं पुष्कळ घेतो. नदीतल्या वाळूपासून कापलेल्या झाडांपर्यंत सगळ्यावर आम्ही लिहिलेलं आहे. मागल्या वर्षीचं काम जमिनीवरच्या आच्छादनाचं होतं: उसाचं पाचट जाळू नका, रानावर पसरा, माती झाका. काम चांगलंच होतं, आजही म्हणेन. पण पत्रकाचा मथळा मी लिहिला होता. ‘उघडी माती म्हणजे उघडी जखम.’ नवी पेठेच्या मागच्या गल्लीतल्या छापखान्यात पहिला कागद हातात आला तेव्हा शाई बोटाला लागली आणि मी ती दिवसभर धुतली नाही, इतकी मी त्या ओळीवर खूश होते. ‘शेतातली माती’ असं लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण अट घातली की ओळ लंगडते. पत्रकं लिहिणाऱ्यांना ही सवयच लागते. आपण जमीनदोस्त करायला निघालेल्यांच्या विरोधात असतो, म्हणून आपल्या हातून काही जमीनदोस्त होणार नाही असं आपण धरून चालतो.

गावात प्रात्यक्षिक करायचं होतं. रस्त्यालगतची, सगळ्यांना दिसेल अशी जागा हवी होती. मी अक्कांचं खळं निवडलं. पाचटाची ट्रॉली आली, आम्ही पाचजण उतरलो. अक्का बांधावर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“ते नका झाकू,” त्या म्हणाल्या. “खळं हाय ते.”

“म्हणूनच तर, अक्का. मोकळंच पडलंय.”

“मोकळं कुटं? हुळ हायत की त्यात. घर करून हायत.”

हुळ म्हणजे किडे. अक्कांच्या घरात मराठी आणि कन्नड एकाच ताटात वाढतात, एवढं मला समजत होतं. मी म्हटलं, “किडे असले तर चांगलंच आहे. पाचटाखाली अजून वाढतील.”

“तू शिकलेली हायस,” अक्का म्हणाल्या आणि कारल्याच्या मांडवाकडे निघून गेल्या. मी त्याला होकार समजले.

आम्ही वीतभर जाड थर दिला. पाचट लवकर कुजावं म्हणून वर पाणी मारलं, शेणकाला शिंपडला. फलक धरून फोटो काढला. त्या फोटोत मी हसते आहे. मी तो काढून टाकलेला नाही, मुद्दाम ठेवला आहे.

तिसऱ्या दिवशी सह्या गोळा करायला परत गेले. ऊन डोक्यावर यायचं होतं. खळ्याजवळ पोचले आणि आधी वाटलं, पाचटावर वाफ हलते आहे. त्या माश्या होत्या. घोट्याएवढ्या उंचीवर, सगळ्या खळ्यावर, शेकड्यांनी, इकडून तिकडे, तिकडून इकडे. पोटावर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे चकाकणारे पट्टे, मागच्या पायांवर पिवळे धमक परागाचे बोजे. एखादी खाली उतरायची, पाचटाच्या पात्यावर चालायची, दोन पात्यांच्या फटीत शिरायची, बाहेर यायची, उठायची. पुन्हा तेच. घराबाहेर पडताना माशी दाराकडे तोंड करून घिरट्या घालते, शेजारचा खडा, गवताची काडी, सावली, सगळं पाठ करून घेते, हे मी पुढे वाचलं. आम्ही त्यांचे खडे, काड्या आणि सावल्या एका सकाळी पुसून टाकल्या होत्या. आवाज पोळ्यासारखा घुमणारा नव्हता. बारीक होता, तुटत तुटत येणारा. त्यांनी मला डंख मारला असता तर मला बरं वाटलं असतं. एकही माझ्या अंगावर आली नाही. माझ्याशी त्यांचं काही भांडणच नव्हतं, त्यांना फक्त दार हवं होतं.

“काय बगतीस?” मागून अक्का म्हणाल्या. “काढ की फोटू.”

मी पाचटात हात घातला. ते आतून गरम होतं. अक्का, बसू आणि मी, तिघांनी मिळून दुपार ढळेपर्यंत ओढून काढलं. खालचा मुरूम कणकेसारखा झाला होता, चालताना पाय रुतत होता. भोकं बसली होती. आम्ही मोकळा केलेला भाग पाहून काही माश्या उतरल्या, उकरू लागल्या, आणि ओली माती आत ढासळत राहिली. अक्कांनी खुरप्याने एक ढेकूळ अलगद उलटलं. आत एक खोली कापली गेली होती. घोटलेली भिंत, गोळा, आणि गोळ्यावर पांढरी बुरशी, कापसासारखी. अंडं कुठे संपतं आणि बुरशी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं.

बसू म्हणाला, “ताई, आता ह्याच्यावर काय पसरायचं ते बी सांगा.”

मला भांडता येतं, तहसील कचेरीत आवाज चढवता येतो. तिथे मी फक्त उरलेल्या पाचटाच्या काड्या वेचत राहिले.

नंतरचे महिने मी इतकी चिडलेली होते की घरात कुणी माझ्याशी बोलेना. आधी मी दुसऱ्यांवर चिडून पाहिलं, ते सोपं असतं. कागदोपत्री जी जमीन ‘पडीक’ लिहिली जाते तिच्यावर चिडले. माशी म्हटलं की षटकोनी पोळं आणि मधाचा थेंब काढणाऱ्या आमच्याच चित्रकारांवर चिडले. जिला मध नाही, राणी नाही, जिचा थवा निघत नाही, तिला कुणी फलकावर घेत नाही. ती कुणाची बाजू नसते. मग या सगळ्यातून फिरून बोट माझ्याकडेच यायचं. अक्कांनी मला सांगितलं होतं. साध्या शब्दांत, माझ्या तोंडावर, पाचट पडायच्या आधी. ज्या बाईच्या वतीने मी गावोगाव बोलत होते, तिचं बोलणं मी ऐकून घेतलं नव्हतं.

अक्कांचा कारल्याचा मांडव खळ्याला लागून आहे. कारल्याचं फूल पहाटे उमलतं, दुपारपर्यंत मिटायला लागतं. नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी, आणि मधे ये-जा करायला कुणीतरी लागतं. मागल्या वर्षी फुलांना खोट नव्हती. मांडवाखाली उभं राहिलं की अंगावर पिवळा उजेड पडायचा. पण देठाशी बोटभर कारलं धरायचं, पिवळं पडायचं आणि गळायचं. जी राहिली ती एका बाजूने फुगलेली, दुसऱ्या बाजूने आखडलेली. अक्का सकाळी नर फूल खुडायच्या, पाकळ्या काढून टाकायच्या आणि त्याचा मधला भाग एकेका मादी फुलाला टेकवत जायच्या. पदर वेलाच्या तणाव्यांत अडकायचा. मीही शिकले. अर्ध्या तासात मान दुखायला लागते, आणि पुढे अजून सगळा मांडव असतो.

“हे माझं काम हाय व्हय गं?” एकदा त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता, फुलाकडे बघत. “आजवर कुणी सांगितलं नव्हतं करायला.”

म्हणून यंदा बसूने ओटा करायचं ठरवलं. सोयाबीन वाळवायला कोरडी जागा पाहिजे, खळ्यात आता काही उरलं नाही, मग कशाला ठेवायचं? मला त्याच्याशी वाद घालता आला असता. घातला नाही. फक्त मुदत मागितली. दसऱ्याची त्याने दिली, आणि ती माझ्यासाठी नव्हती, अक्का जेवताना बोलायच्या बंद झाल्या होत्या म्हणून दिली.

आणि मग ते बसणं. मला बसून राहता येत नाही. माझं सगळं शिक्षण ‘काहीतरी करा’ या दोन शब्दांत झालेलं आहे. सकाळी नऊला मुरूम कोमट व्हायला लागायचा. मुंग्या यायच्या, जायच्या. वारा एखादी काडी फिरवायचा आणि मी अर्धी उठायचे. बसू येता-जाता बांधावर थांबायचा.

“काय मॅडम, उगवल्या का?”

“अजून नाही.”

“खत टाकू का थोडं?”

मी हसायचे नाही. तोही हसायचा नाही.

चौथ्या दिवशी मुरमात एक भेग दिसली, तिच्यातून गोगलगाय निघाली. पाचव्या दिवशी मला वाटलं की मी उगीच बसते आहे, मी फक्त माझ्या मनाच्या समाधानासाठी बसते आहे, आणि हीसुद्धा एक प्रकारची पत्रकबाजीच आहे. सहाव्या दिवशी, दसऱ्याला तीन दिवस असताना, माश्या आल्या.

सात-आठ असतील. खळ्याच्या रस्त्याकडच्या उतारावर, जिथे मागल्या वर्षी पाचट पातळ पडलं होतं, तिथे जमिनीलगत भिरभिरत होत्या. बसू ट्रॅक्टर थांबवून आला, उकिडवा बसला, बराच वेळ पाहत राहिला.

“आल्या की, ताई. शब्द म्हंजे शब्द. सांगतो मिक्सरवाल्याला.”

एवढंच मला हवं होतं. मी गप्प राहिले असते तर खळं तिथेच वाचलं असतं. पण त्यांच्या पायांवर परागाला धरणारे केस नव्हते, आणि एकही माती उकरत नव्हती. संध्याकाळी त्याच माश्या बांधावरच्या वाळक्या काडीला ओळीने जबडा रोवून झोपल्या. माद्या रात्री बिळात असतात. मी अक्कांसमोरच बसूला सांगितलं.

“हे नर आहेत. आधी नर बाहेर येतात आणि वाट बघतात. घर करत नाहीत. माद्या आल्या नाहीत तर यांचा काही उपयोग नाही.”

“मग माद्या कवा येणार?”

“माहीत नाही. येतीलच असंही नाही.”

बसूने कपाळ चोळलं. “तुमी लई अवघड माणूस हाय. मी मोजल्या असत्या की ह्या.”

“मागल्या वर्षी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं.”

अक्का चुलीपाशी होत्या. त्या दिवशी भाकरी त्यांनी माझ्या ताटात स्वतः वाढली.

खंडेनवमीला ट्रॅक्टरला झेंडूची माळ पडली. त्याच सकाळी उतारावर पहिलं कडं दिसलं. मग दुसरं. दुपारपर्यंत नऊ. मागल्या वर्षी मोजता येत नव्हती, यंदा नऊ. मी पालथी पडून एकीला पाहिलं. ती पाठीकडून वर आली, मातीचा घास बाहेर ढकलला, आत गेली. परत आली. बसूही माझ्या शेजारी पालथा पडला.

“हिच्या मदतीला कोण न्हाय?”

“नाही.”

“सगळं एकटीच?”

“एकटीच.”

चार वाजता अक्कलकोटच्या बाजूने आभाळ काळं झालं. परतीचा पाऊस सांगून येत नाही. वारा फिरला, मांडव करकरला, आणि बसू धावत सुटला. सिमेंटवरची निळी ताडपत्री त्याने ओढून काढली आणि खांद्यावर टाकून उतारावर आला. पोती उघडी पडली होती, त्याला त्याचं भान नव्हतं. मीही दुसरं टोक धरलं. विचार न करता धरलं. माझे हात तसेच आहेत.

“ठेवा ते खाली,” अक्का म्हणाल्या. “हात लावू नका कुणी.”

“अव्वा, भिजतंय समदं.”

“भिजू दे. त्यांचं त्या बगतील.”

थेंब पडायला लागले, मोठे, लांब लांब. एका भोकात आतून माती वर आली आणि ते बंद झालं. मग शेजारचं. त्या आतून दारं लावत होत्या. किती दारं लावली ते पाहायच्या आत पावसाने सगळं एकसारखं केलं. आम्ही तिघं लिंबाखाली उभे राहिलो. बसूच्या हातात गुंडाळलेली ताडपत्री, पोती भिजत चाललेली. मी दोन्ही हात काखेत धरून ठेवले होते. काही न करणं इतकं दुखतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पाऊस अर्धा तास पडला आणि थांबला. मी त्या दिवशी घरी गेले नाही. आईला फोन केला, सोनं उद्या द्यायला येते म्हणाले, आणि अक्कांच्याच घरी राहिले.

दसऱ्याच्या सकाळी उतार गुळगुळीत होता, सारवल्यासारखा. आठ वाजले, नऊ वाजले. मुरूम वरून पांढरट पडायला लागला. अक्का पाटीत झेंडू तोडत होत्या, त्यांची पाटी केव्हाच भरली होती तरी तोडत होत्या. साडेनऊच्या सुमारास उताराच्या मधोमध एक खपली हलली. मातीचा ओला दाणा वर आला, कलंडला. मग दुसरा. मग एक डोकं, मिशा झटकणारं.

दहापर्यंत चार भोकं उघडली. पाच उघडली नाहीत. आम्ही अकरापर्यंत थांबलो, बारापर्यंत थांबलो. पाच उघडलीच नाहीत.

पहिली मादी जमिनीवरून उठली, दाराकडे तोंड करून घिरट्या घातल्या, एक छोटी, एक मोठी, आणि मांडवाच्या दिशेने गेली.

तेवढ्यात बसूचा फोन वाजला. पलीकडचा माणूस मोठ्याने बोलत होता, मला ऐकू येत होतं. उद्या सकाळी गाडी लावू का, माणसं बांधून ठेवली आहेत, विचारत होता.

“नको,” बसू म्हणाला.

मग कधी, म्हणाला तो. पुढच्या आठवड्यात?

“तवाबी नको.”

अहो पण काय झालं, जागा तर तयार आहे म्हणाला होतात.

बसूने खळ्याकडे पाहिलं. चार भोकं, त्यांच्याभोवती बांगडीएवढी ओली माती.

“पेरलंय तितं,” तो म्हणाला, आणि फोन ठेवला.